करंट-व्होल्टेजची गणितं: आधी बाण काढा, आकडे नंतर

सर्किटचं गणित समोर आलं की बहुतेक पोरं आधी कॅल्क्युलेटर उचलतात आणि तिथंच घोळ सुरू होतो. बारावीचा असो, डिप्लोमाचा असो नाहीतर आयटीआयचा, चुकलेला पेपर उघडून बघा, गुणाकार-भागाकार सहसा बरोबर असतात, कुठेतरी प्लसच्या जागी मायनस पडलेला असतो आणि पुढचं सगळं त्याच्यामागे वाहत गेलेलं असतं. नियम तसे तीनच, एक ओहमचा आणि दोन किरचॉफचे, तिन्ही मिळून पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूवर मावतील. पण चित्रावर बाण आणि प्लस-मायनस न टाकता ते लावायला गेलं की दोन बॅटऱ्यांचं सर्किट आलं रे आलं की माणूस अडकतो. म्हणून मी नियम पटापट सांगणार आणि वेळ घालवणार तो बाणांवर, कंटाळा आला तरी तेवढा भाग गाळू नका.

हाताशी थोडं सामान असलं तर मजा येते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप, एक ब्रेडबोर्ड, १ के आणि ३ के चे (के म्हणजे हजार ओहम) चार-पाच रेझिस्टर, १ मेगचे (मेग म्हणजे दहा लाख ओहम) दोन, ६८० ओहमचा एक, एक लाल एलईडी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं, तालुक्याच्या गावी टीव्ही रिपेअरवाल्याकडे जुन्या बोर्डावरचे काढलेले रेझिस्टर मागा, तो बहुधा फुकट देईल. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, यातलं काहीही घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर करून बघायचं नाही, मीटर कितीही भारी असला तरी नाही.

आधी चित्र

करंट वायरमधून, पार्टमधून वाहतो आणि व्होल्टेज दोन जागांच्या मध्ये असतं, हे डोक्यात पक्कं बसवा. "या पॉइंटला ६ व्होल्ट आहेत" असं आपण बोलतो तेव्हा दुसरा पॉइंट बोलायचा राहून गेलेला असतो, आणि तो म्हणजे ग्राउंड, ज्याला आपणच शून्य ठरवलंय. बॅटरीच्या सर्किटमध्ये सहसा मायनस टोकाला ग्राउंड म्हणतात, मीटरची काळी प्रोब तिथं ठेवायची आणि लाल प्रोब हवी तिथं फिरवायची. या ग्राउंडचा जमिनीत पुरलेल्या अर्थिंगशी काही संबंध असलाच पाहिजे असं नाही.

आता नोड. मध्ये कुठलाही पार्ट न लागता फक्त तारेनं जोडलेल्या सगळ्या जागा मिळून एक नोड होतो, मग तार दोन इंच असो का पूर्ण पान फिरून आलेली असो. ब्रेडबोर्डवर एका ओळीतली पाच भोकं म्हणजे एकच नोड. पुस्तकातलं चित्र वेडंवाकडं असेल तर स्केचपेन घ्या, बॅटरीच्या प्लसपासून सुरू करा आणि पार्ट लागेपर्यंतची सगळी तार एका रंगानं गिरवा, पार्टच्या पलीकडे दुसरा रंग. ज्या दोन रेझिस्टरच्या दोन्ही टोकांचे रंग जुळतात ते पॅरलल, चित्रात ते एकमेकांना काटकोनात का काढलेले असेनात. आणि दोन रेझिस्टर जिथं जोडलेत तिथून तिसरा फाटा निघत नसेल तरच ते सिरीज, फाटा निघाला की ती सिरीज राहिली नाही. एका रेषेत दिसतायत म्हणून सिरीज समजणारे फार भेटतात, परीक्षकाला ते माहीत असतं आणि तो मुद्दाम तसंच चित्र काढतो.

बाण टाकायचे कसे

प्रत्येक फांदीवर, म्हणजे दोन नोडांमधल्या प्रत्येक वाटेवर, करंटचा एक बाण काढा आणि त्याला नाव द्या. बाण कुठल्या दिशेनं? कुठल्याही. खरंच कुठल्याही, नाणं उडवून ठरवलं तरी चालेल. खरा करंट उलटा वाहत असेल तर उत्तर मायनसमध्ये येईल आणि तो मायनस तुम्हाला सांगेल की बाबा रे, करंट आहे एवढाच पण तुझ्या बाणाच्या उलट जातोय. एकदा काढलेला बाण मात्र गणित संपेपर्यंत फिरवायचा नाही. मधेच "अरे हा उलटा असणार" म्हणून बाण खोडला आणि अर्धी समीकरणं जुन्या बाणाची राहिली की ते गणित देवसुद्धा सोडवू शकत नाही.

बाण झाला की प्रत्येक रेझिस्टरच्या टोकांना प्लस-मायनस लिहा. बाण ज्या टोकातून आत शिरतो ते प्लस, जिथून बाहेर पडतो ते मायनस. इथं तुम्हाला काही ठरवायचं नसतं, बाणानं ते आधीच ठरवलंय. बॅटरीचं प्लस-मायनस मात्र तिच्या चिन्हावरूनच घ्यायचं, लांब रेघ प्लस, आखूड रेघ मायनस, तिथं बाण काहीही म्हणो. रेझिस्टरची चिन्हं बाणावरून आणि बॅटरीची चिन्हं बॅटरीवरून, एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मधेच कोणीतरी हुशार विचारतोच की इलेक्ट्रॉन तर मायनसकडून प्लसकडे जातात, मग आपण उलटं का मानतो. करंटची दिशा प्लसकडून मायनसकडे धरायची हा रिवाज इलेक्ट्रॉन सापडायच्या कितीतरी आधी पडला होता, इंग्रज शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन दाखवला तो १८९७ मध्ये, तोवर सगळी पुस्तकं लिहून झाली होती. गणितात त्यानं काडीचा फरक पडत नाही, सगळे बाण एकदम उलटे धरले तरी उत्तरं तीच येतात. पुढे जाऊ.

तीन नियम

ओहमचा नियम १८२७ चा, जर्मनीतल्या गेओर्ग ओहमचा, आपल्याकडे नववीतच येतो. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. व्होल्ट, अँपिअर, ओहम हे एक त्रिकूट आणि व्होल्ट, मिलिअँपिअर, किलोओहम हे दुसरं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात दुसरं वापरा, शून्यं मोजत बसावं लागत नाही, ९ व्होल्ट भागिले ३ के म्हणजे सरळ ३ मिलिअँपिअर. दोन त्रिकुटांची सरमिसळ केली की उत्तर हजार पटीनं चुकतं.

यात एक गोष्ट पुस्तकं नीट ठसवत नाहीत. ओहमचा नियम हा रेझिस्टरचा स्वभाव आहे, सगळ्या सर्किटचा कायदा नाही. एलईडी, डायोड, ट्रान्झिस्टर त्याला जुमानत नाहीत. किरचॉफचे दोन नियम मात्र पार्ट कुठलाही असला तरी लागतात, म्हणून खरा आधार त्यांचाच.

गुस्ताफ किरचॉफनं ते १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो क्योनिग्सबर्गला शिकत होता, वय २१. तोच पुढे रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनबरोबर प्रकाशाचे रंग तपासून सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्यं शोधतो, म्हणजे हा माणूस एका विषयात अडकून बसणारा नव्हता. ते क्योनिग्सबर्ग आता रशियात आहे, नाव बदलून कालिनिनग्राड झालंय.

त्याचा पहिला नियम करंटचा, सगळे त्याला केसीएल म्हणतात. नोडमध्ये जेवढा करंट आत येतो तेवढाच बाहेर जातो. नोडमध्ये चार्ज साठून राहायला जागाच नाही, दुसरं काही होऊच शकत नाही. लिहिताना आत येणारे बाण डावीकडे, बाहेर जाणारे उजवीकडे, मध्ये बरोबरचं चिन्ह. चार नोड असतील तर तीनच समीकरणं कामाची असतात, चौथं लिहिलंत तर ते आधीच्या तिघांतूनच निघालेलं असतं, नवं काही सांगत नाही. ग्राउंडचा नोड सोडून द्यायचा तो याच कारणानं.

दुसरा व्होल्टेजचा, केव्हीएल. कुठल्याही बंद वाटेनं पूर्ण चक्कर मारली की चढ-उतारांची बेरीज शून्य. सिंहगडाच्या पायथ्याहून निघालात, कुठल्याही वाटेनं चढलात-उतरलात आणि परत त्याच पायथ्याला आलात तर एकूण उंची वाढलेली नसते, व्होल्टेजचंही तसंच. लिहिताना एक दिशा धरून बोट फिरवत जायचं. पार्टमध्ये शिरताना मायनसकडून शिरून प्लसकडून बाहेर पडलात तर व्होल्टेज वाढलं, प्लस लिहा. प्लसकडून शिरून मायनसकडून बाहेर पडलात तर घटलं, मायनस लिहा. बोटाची दिशा आणि करंटच्या बाणाची दिशा एकच असायला हवी असं अजिबात नाही, बोट घड्याळाच्या काट्यानुसार फिरवा आणि फक्त समोर लिहिलेली चिन्हं वाचत जा. डोकं लावायचं ते चिन्हं टाकताना, वाचताना लावायचं नाही.

सोपं सर्किट

९ व्होल्टच्या बॅटरीला १ के चा रेझिस्टर सिरीजमध्ये, त्याच्या पुढे ३ के आणि ६ के पॅरललमध्ये, तिथून परत मायनसला. ६ के चा रेझिस्टर दुकानात मागितलात तर दुकानदार ६.२ के पुढे करेल कारण ६ के नेहमीच्या मालिकेत येत नाही, दोन ३ के सिरीजमध्ये लावा, झालं काम.

३ के आणि ६ के पॅरलल म्हणजे गुणाकार भागिले बेरीज, १८ भागिले ९, २ के. पॅरललचं उत्तर नेहमी दोघांतल्या लहानापेक्षाही लहान यायला हवं, ३ पेक्षा मोठं आलं तर तिथंच थांबून तपासा. एकूण १ आणि २ मिळून ३ के, करंट ३ मिलिअँपिअर. १ के वर ३ व्होल्ट पडले, उरलेले ६ व्होल्ट पॅरलल जोडीवर. ३ के मधून २ मिलिअँपिअर, ६ के मधून १ मिलिअँपिअर. नोडला ३ आले, २ आणि १ गेले. चक्कर मारली तर ९ वजा ३ वजा ६, शून्य. दोन्ही नियम पाळले गेले म्हणजे उत्तर बरोबर.

यात व्होल्टेजची वाटणीही दिसली. सिरीजमध्ये ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त, प्रमाणात. पॅरललमध्ये करंट वाटला जातो आणि तिथं उलटं, रेझिस्टन्स कमी त्याला करंट जास्त. काही जण म्हणतात करंट कमी रेझिस्टन्सच्या वाटेनंच जातो, तसं नाही, तो सगळ्याच वाटांनी जातो, कमी-जास्त.

दोन बॅटऱ्यांचं सर्किट, जिथं सगळे अडकतात

सिरीज-पॅरलल करत करत सर्किट छोटं करायची युक्ती दोन सोर्स, म्हणजे व्होल्टेज पुरवणाऱ्या दोन गोष्टी, आले की बंद पडते. आणि व्यवहारात तर दोन सोर्स कायम असतात, इन्व्हर्टर, सोलर, गाडीतली बॅटरी आणि अल्टरनेटर, सगळीकडे. आपण तेच घेऊ. डाव्या बाजूला १४ व्होल्टचा चार्जर, त्याचा आणि तारेचा मिळून रेझिस्टन्स ०.५ ओहम. उजव्या बाजूला १२ व्होल्टची बॅटरी, आतला रेझिस्टन्स ०.२५ ओहम. मध्ये १२.५ ओहमचा लोड, समजा एक डीसी दिवा, त्याला रेझिस्टरच धरू. तिघांची वरची टोकं एका नोडला, खालची टोकं ग्राउंडला. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेत, रचना खरी आहे.

बाण टाकतो. चार्जरमधून वरच्या नोडकडे येणारा करंट पहिला, बॅटरीतून नोडकडे येणारा दुसरा, नोडमधून दिव्यातून खाली जाणारा तिसरा. बॅटरी करंट देतेय का घेतेय हे मला आत्ता माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

वरच्या नोडचं व्होल्टेज काढायचंय, त्याला क्ष म्हणू. पहिला करंट म्हणजे १४ वजा क्ष, भागिले ०.५. दुसरा म्हणजे १२ वजा क्ष, भागिले ०.२५. तिसरा म्हणजे क्ष भागिले १२.५. केसीएल सांगतो पहिला अधिक दुसरा बरोबर तिसरा:

(१४ − क्ष) ÷ ०.५ + (१२ − क्ष) ÷ ०.२५ = क्ष ÷ १२.५

२८ − २क्ष + ४८ − ४क्ष = ०.०८क्ष

७६ = ६.०८क्ष, म्हणून क्ष = १२.५ व्होल्ट

आता करंट. पहिला १.५ भागिले ०.५ म्हणजे ३ अँपिअर. तिसरा १२.५ भागिले १२.५ म्हणजे १ अँपिअर. आणि दुसरा, १२ वजा १२.५ म्हणजे उणे ०.५, भागिले ०.२५, उणे २ अँपिअर. आला मायनस. घाबरून बाण उलटा करू नका, खोडू नका, तसाच लिहा, त्याचा अर्थ एवढाच की बॅटरी करंट देत नाहीये, घेतेय, म्हणजे चार्ज होतेय. चार्जरनं ३ अँपिअर दिले, त्यातले २ बॅटरीत गेले आणि १ दिव्याला. नोडला ३ आणि उणे २ मिळून १, जुळलं.

लाइट गेली, चार्जर बंद पडला असं समजा, ती फांदी तुटली असं धरा. बाण तेच ठेवा. आता करंट १२ भागिले १२.७५, साधारण ०.९४ अँपिअर, आणि दुसरा बाण आपोआप प्लसमध्ये आला, बॅटरी द्यायला लागली. नोडचं व्होल्टेज ११.७६ वर उतरलं आणि दिवा थोडा मंद झाला. चिन्ह बदललं म्हणजे बॅटरीची भूमिका बदलली, हे बघायचं असेल तर मायनसला शत्रू समजून चालत नाही.

हेच केव्हीएलनं करून बघू, कारण पेपरात कधी कधी तीच पद्धत मागतात. चित्रातली प्रत्येक बंद चौकट म्हणजे एक खिडकी. डाव्या खिडकीत घड्याळाच्या काट्यानुसार फिरणारा एक करंट धरा, त्याला अ म्हणू, उजव्या खिडकीत तसाच ब. मधल्या दिव्यातून खाली जाणारा करंट अ वजा ब. डाव्या खिडकीची चक्कर:

१४ − ०.५अ − १२.५(अ − ब) = ०, म्हणजे १३अ − १२.५ब = १४

उजव्या खिडकीची:

−०.२५ब − १२ − १२.५(ब − अ) = ०, म्हणजे १२.५अ − १२.७५ब = १२

सोडवलं की अ ३ आणि ब २. इथं ब प्लसमध्ये आला, मघाशी दुसरा करंट मायनसमध्ये होता, मग खरं कोणतं? दोन्ही. मघाचा बाण बॅटरीतून वर येणारा होता, ब हा वरून बॅटरीत उतरणारा आहे. दिशा सांगितल्याशिवाय करंटच्या चिन्हाला अर्थच नसतो, म्हणून उत्तरात नुसतं "२ अँपिअर" न लिहिता "२ अँपिअर, बॅटरीच्या प्लसमध्ये शिरणारा" असं लिहा, मार्कही मिळतात आणि पुढे वायर जोडणाऱ्यालाही कळतं.

कुठली पद्धत केव्हा? नोड कमी असतील तर नोडची, खिडक्या कमी असतील तर चकरांची. आपल्या सर्किटला नोडचं एक समीकरण लागलं आणि चकरांची दोन. मला विचाराल तर मी नव्वद टक्के वेळा नोडचीच घेतो कारण उत्तर व्होल्टेजमध्ये येतं आणि ते मीटरनं लगेच तपासता येतं.

शेवटची तपासणी पॉवरची, ही कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात पक्की. चार्जरनं दिले १४ गुणिले ३, ४२ वॅट. बॅटरीत गेले १२ गुणिले २, २४ वॅट. चार्जरच्या ०.५ ओहमवर जळाले ४.५ वॅट, बॅटरीच्या आतल्या ०.२५ वर १ वॅट, दिव्यावर १२.५. बेरीज करा, ४२. एका जरी चिन्हाचा घोळ असता तरी ही बेरीज सहसा जुळली नसती.

आतला रेझिस्टन्स विसरला की काय होतं तेही बघून घ्या. कागदावर १२ व्होल्टची आणि ९ व्होल्टची बॅटरी नुसत्या तारेनं पॅरललमध्ये जोडा आणि केव्हीएल लावा, १२ वजा ९ बरोबर शून्य असं काहीतरी निघतं. नियम चुकला नाही, चित्र अर्धवट आहे, बॅटरीचा आणि तारेचा रेझिस्टन्स काढायचा राहिलाय. व्यवहारात हे महागात पडतं. समजा इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या पॅरलल करायच्यात, एक १२.६ वर आहे, दुसरी ११.८ वर, आणि दोघींचा आतला रेझिस्टन्स आणि तारा मिळून ०.०२ ओहम. फरक ०.८ व्होल्टच, पण ०.८ भागिले ०.०२ म्हणजे पहिल्या क्षणाला ४० अँपिअर एका बॅटरीतून दुसरीत. म्हणून दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा आणि मगच जोडा, जुनी-नवी तर एकत्र करूच नका.

मीटर लावताना

व्होल्टेज मोजताना मीटर पार्टच्या दोन टोकांना, सर्किट न तोडता. करंट मोजताना सर्किट तोडून मीटर मध्ये घालायचा. करंटच्या रेंजवर मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तारच असते, तो बॅटरीच्या दोन टोकांना लावला की शॉर्ट. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहून गेलेली असते आणि माणूस व्होल्टेज बघायला जातो, हा प्रकार छोट्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर फार तर बॅटरी संपवेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर प्रोबचं टोक वितळेल आणि हात भाजेल. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो. प्रत्येक वेळी मोजून झालं की लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत.

मी तर करंट मोजायला सर्किट तोडतच नाही. माहीत असलेल्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा आणि भागा. १ के चा रेझिस्टर असेल तर भागायचंही नाही, जेवढे व्होल्ट तेवढे मिलिअँपिअर.

आकडे कागदाशी तंतोतंत जुळणार नाहीत, जुळायचेही नाहीत. नवी ९ व्होल्टची बॅटरी ९.४-९.५ दाखवते, सोनेरी पट्टीचा १ के म्हणजे ९५० ते १०५० ओहम काहीही. आधी बॅटरी मोजा, समजा ९.४ आली, तर आपल्या पहिल्या सर्किटच्या नोडला ६ ऐवजी ६.२७ च्या आसपास दिसायला हवेत. तेवढं आलं तर मन लावून पुढे जा, शून्य किंवा ९ च्या वर आलं तर एखादी तार सुटलीय.

एक गंमत करून बघा. १ मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये ९ व्होल्टला लावा आणि मधल्या पॉइंटचं व्होल्टेज मोजा. कागदावर ४.५. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर ३ च्या आसपास दिसेल. मीटर खोटं बोलत नाही, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स अशा मीटरांत बऱ्याचदा १ मेगओहम असतो, तो खालच्या रेझिस्टरला पॅरलल झाला, दोघांचा मिळून अर्धा मेग, आणि ९ ची वाटणी १ आणि ०.५ मध्ये झाली, खालच्याला ३. बऱ्या मीटरचा आतला १० मेगओहम असतो, त्यावर ४.२९ दिसेल. मीटर लावलात की तोही सर्किटचा पार्ट झाला, मोठे रेझिस्टर असतील तिथं त्याला चित्रात काढायचं.

बॅटरीचा आतला रेझिस्टन्सही याच मार्गानं निघतो. आधी मोकळी बॅटरी मोजा, समजा ९.४. मग क्षणभर ९० ओहमचा लोड लावून मोजा, समजा ९.० वर आली. करंट ९ भागिले ९० म्हणजे ०.१ अँपिअर, ०.४ व्होल्ट आत गळाले, आतला रेझिस्टन्स ४ ओहम. लोड जरा दमदार वॅटेजचा घ्या, ९ व्होल्ट आणि ०.१ अँपिअर म्हणजे ०.९ वॅट, पाव वॅटचा रेझिस्टर धूर काढेल. बॅटरी जुनी झाली की हा आकडा वाढत जातो, म्हणूनच मोकळी मोजली तर ठणठणीत दिसणारी बॅटरी खेळण्यात घातली की मान टाकते.

एलईडी आली की

लाल एलईडी पेटली की तिच्यावर साधारण २ व्होल्ट राहतात, करंट थोडा कमी-जास्त झाला तरी. तिचा रेझिस्टन्स किती हा प्रश्नच विचारायचा नाही, केव्हीएल लावायचा. ९ वजा २, उरले ७, ते रेझिस्टरवर. १० मिलिअँपिअर हवेत तर ७ भागिले १०, ०.७ के म्हणजे ७०० ओहम. जवळचा मिळणारा ६८०, निळा-राखाडी-तपकिरी. त्यातून साधारण १०.३ मिलिअँपिअर जातील, चालतंय. रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा का नंतर यावर लोक वाद घालतात, सिरीजमध्ये करंट सगळीकडे एकच, कुठेही लावा.

एसीला हेच नियम लावताना

एसीतही दोन्ही नियम खरे आहेत, पण क्षणाक्षणाच्या आकड्यांना. मीटर दाखवतो ते आरएमएस, म्हणजे बदलत्या व्होल्टेजची एका खास पद्धतीनं काढलेली सरासरी, आणि असे आकडे सरळ बेरजेत बसत नाहीत. रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये, एकावर ३ व्होल्ट, दुसऱ्यावर ४ मोजले, तर सोर्स ७ चा नसतो, ५ चा असतो, कारण दोघांची शिखरं एका वेळी येत नाहीत, काटकोन त्रिकोणासारखी बेरीज करावी लागते. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटमध्ये नळीवर सुमारे १०० व्होल्ट आणि चोकवर सुमारे २०० पडायचे, बेरीज २३० च्या बरीच वर, आणि त्यात नियमाचं उल्लंघन काहीच नव्हतं. हिशोब करायचा तर प्रत्येक व्होल्टेज त्याच्या कोनासकट घ्या, म्हणजे फेजर, बाकी नोड, चक्कर, बाण, चिन्हं सगळं जसंच्या तसं. आधी डीसीची वीस-पंचवीस गणितं पॉवरच्या तपासणीसकट जुळवा आणि मगच फेजरला हात घाला.